एका वर्गाने उभारलेला पुतळा : हिरोशिमाच्या सादाको सासाकीचं प्रकरण

शाळेतलं मूल गेलं की शाळेने काय करायचं, याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. प्रार्थनेनंतर मुख्याध्यापक चार शब्द बोलतात, सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतात, फळ्यावर रंगीत खडूने ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं जातं आणि शाळा लवकर सुटते. पालकांनी देणगी दिली तर पुढच्या स्नेहसंमेलनापासून त्या मुलाच्या स्मरणार्थ एक बक्षीस सुरू होतं. या रीतीत वाईट काहीच नाही. पण त्याच बाकावर बसणारी, डब्यातली पोळी-भाजी वाटून खाणारी जी मुलं असतात, त्यांना या सगळ्यात करण्यासारखं काही नसतं. मोठी माणसं सांगतात तेव्हा ती उभी राहतात, सांगतात तेव्हा घरी जातात.

म्हणून हे प्रकरण मला सविस्तर मांडावंसं वाटतं. १९५५ साली जपानमधल्या एका वर्गातली मुलगी गेली आणि तिच्या बारा-तेरा वर्षांच्या सोबत्यांनी तिच्या आठवणीचं काम स्वतःच्या हातात घेतलं. अडीच वर्षांनी त्यातून एक पुतळा उभा राहिला. गोष्ट जगभर माहीत आहे, आपल्याकडेही ६ ऑगस्टला अनेक शाळांमध्ये सांगितली जाते. पण सांगताना तिच्यातला वर्ग बहुतेक वेळा गळून पडतो. उरते फक्त आजारी मुलगी आणि कागदाचे पक्षी.

सादाको सासाकीचा जन्म ७ जानेवारी १९४३चा. ६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ती अडीच वर्षांची होती आणि तिचं घर स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे १.६ किलोमीटरवर होतं. तिला जखम झाली नाही. घरातली माणसं तिला घेऊन पळाली आणि वाटेत सगळ्यांवर काळा पाऊस, म्हणजे स्फोटाच्या राखेने काळवंडलेला किरणोत्सर्गी पाऊस, पडला. पुढची नऊ वर्षं ती इतर कोणत्याही मुलीसारखी वाढली. वडिलांचं केशकर्तनाचं दुकान होतं, घरात भावंडं होती. नोबोरी-चो प्राथमिक शाळेत ती सहावीच्या ‘बांबू’ तुकडीत होती. पळण्यात तिचा हात कुणी धरत नसे. १९५४च्या शरद ऋतूतल्या क्रीडादिनी तिच्या वर्गाने रिले शर्यत मारली, त्या चमूत ती होती. या वर्गाची जी एकी पुढे दिसते तिचं मूळ या धावण्याच्या सरावात आहे असं मला वाटतं. रोज एकमेकांच्या हातात बॅटन देणारी मुलं एकमेकांची सवय करून घेतात.

त्याच वर्षाच्या अखेरीस तिच्या मानेवर आणि कानामागे गाठी आल्या. जानेवारीत पायांवर जांभळे डाग दिसू लागले. फेब्रुवारी १९५५मध्ये निदान झालं, ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग, आणि तिला रेडक्रॉस रुग्णालयात दाखल केलं. जास्तीत जास्त वर्षभर, असं डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं. बॉम्बनंतर दोन-तीन वर्षांतच हिरोशिमा आणि नागासाकीत ल्युकेमियाचे रुग्ण वाढू लागले होते, त्यातही लहान वयात किरणोत्सर्ग सोसलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण विशेष होतं. बॉम्बपीडितांच्या, म्हणजे हिबाकुशांच्या, उपचाराचा खर्च सरकारने उचलण्याचा कायदा १९५७ साली झाला. सासाकींना तो मिळण्यासारखा नव्हता. रक्त चढवायचं, महागडी कॉर्टिझोनची औषधं द्यायची, हे सगळं केशकर्तनाच्या दुकानातून भागवायचं होतं.

मार्चमध्ये सहावी संपली तेव्हा सादाको रुग्णालयात होती. एप्रिलमध्ये माध्यमिक शाळेत तिचं नाव पटावर लागलं, पण त्या शाळेत ती एक दिवसही गेली नाही. शिक्षक म्हणून मला या प्रकरणातलं सगळ्यात कठीण वाटतं ते हेच. वर्ग बदलला, इमारत बदलली, शिक्षक बदलले. आजारी मुलगी जुन्या शाळेची राहिली नाही आणि नव्या शाळेने तिला पाहिलंच नाही. अशा वेळी तिची जबाबदारी कुणाची?

बांबू वर्गाने ती आपली मानली होती. पाळी लावून तिला भेटायला जायचं असं मुलांनी ठरवलं होतं. त्यांनी तिला एक कोकेशी दिली होती. कोकेशी म्हणजे हातपाय नसलेली, गोल डोक्याची, रंगवलेली लाकडी बाहुली. सुरुवातीला मुलं जातही होती. मग नव्या शाळेच्या परीक्षा आल्या, खेळ आले, नवे मित्र मिळाले, वर्ग वेगवेगळ्या तुकड्यांत विखुरला आणि भेटी विरळ होत गेल्या. कुणी मुद्दाम टाळलं नाही. बारा वर्षांच्या मुलांना आठ महिने हा फार लांबचा काळ असतो. लोकप्रिय गोष्टींमध्ये हा भाग जवळजवळ कधीच नसतो. मला मात्र तो या प्रकरणाचा कणा वाटतो, कारण पुढे जे घडलं त्यामागे हीच टोचणी होती.

ऑगस्टमध्ये नागोयाच्या शाळकरी विद्यार्थिनींनी रुग्णालयातल्या रुग्णांसाठी कागदी क्रौंच पक्षी पाठवले. हजार क्रौंच घडले की इच्छा पुरी होते, असा जपानमध्ये जुना समज आहे. सादाकोने घड्या घालायला सुरुवात केली. कागद महाग, म्हणून औषधाच्या पुड्यांचे कागद, भेटवस्तूंची वेष्टनं, मिळेल ते. नंतरचे पक्षी इतके बारीक होते की घड्या सुईच्या टोकाने घालाव्या लागत. हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयात ते आजही पाहायला मिळतात. तिच्या मृत्यूनंतर आणखी एक गोष्ट सापडली. आपल्या रक्ततपासणीचे आकडे ती गुपचूप एका कागदावर उतरवून ठेवत होती. आई-वडिलांनी तिला आजाराचं नाव सांगितलं नव्हतं. तरी पांढऱ्या पेशींचे आकडे ती मांडत होती. ही मुलगी केवळ इच्छा करत बसली नव्हती, आपल्याला काय होतंय ते तिला कळून घ्यायचं होतं.

२५ ऑक्टोबर १९५५ला ती गेली. बारा वर्षांची होती.

बांबू वर्ग पुन्हा एकत्र आला तो तिच्या अंत्यविधीच्या निमित्ताने. भेटायला गेलो नाही ही सल प्रत्येकाच्या मनात होती. तिच्यासाठी काहीतरी करायचं एवढं ठरलं, काय करायचं ते मात्र कुणाला सुचेना. इथे इचिरो कावामोतो हा माणूस येतो. स्वतः हिबाकुशा, रोजंदारीवर राबणारा, शांततेच्या कामाला वाहून घेतलेला. ना तो शिक्षक होता ना अधिकारी. त्याने मुलांपुढे कल्पना ठेवली : सादाकोसाठी आणि बॉम्बने गेलेल्या सगळ्याच मुलांसाठी एक पुतळा उभारला तर?

प्रकरण म्हणून पाहताना मी या क्षणावर सगळ्यात जास्त थांबतो. मुलांच्या दुःखाला तोवर आकार नव्हता. मोठ्या माणसाने त्यांना भाषण दिलं नाही, गप्पही बसवलं नाही. करण्यासारखं एक काम दाखवलं, आणि तेही असं की मनावर घेतलं तर मुलांना जमेल, पण एका आठवड्यात उरकणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ‘सगळ्याच मुलांसाठी’ हे शब्द. ६ ऑगस्टच्या सकाळी हजारो शाळकरी मुलं हवाई हल्ल्यातली आग पसरू नये म्हणून मोकळे पट्टे तयार करण्यासाठी शहरात घरं पाडण्याच्या कामावर होती आणि तिथेच गेली. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे अवशेषही घरच्यांना मिळाले नाहीत. हिरोशिमातल्या प्रत्येक शाळेला स्वतःचं असं एक गेलेलं मूल होतं. एकट्या सादाकोचा पुतळा मागितला असता तर तो एका वर्गाचा राहिला असता.

नोव्हेंबर १९५५मध्ये, म्हणजे मृत्यूला महिनाही उलटला नव्हता तेव्हा, देशभरातल्या माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांची परिषद हिरोशिमात भरली. बांबू वर्गाची काही मुलं तिथे गेली आणि २,००० पत्रकं वाटून आली. बॉम्बने गेलेल्या मुलांचा पुतळा उभारू या, असं त्यावर आवाहन होतं. कुणाकडे जावं याची ही निवड फार अचूक होती. मुख्याध्यापक परत आपापल्या गावी जाणार, प्रार्थनेच्या वेळी पत्रक वाचून दाखवणार, आणि मुलांची हाक थेट मुलांच्या कानावर पडणार. तसंच झालं. जपानमधल्या ३,००० हून अधिक शाळांकडून आणि इंग्लंडसह नऊ देशांतून मदत आली.

मुलांच्या या हाकेला जपानी समाजाने इतका प्रतिसाद का दिला, त्यालाही कारण होतं. मार्च १९५४मध्ये बिकिनी बेटांजवळच्या अमेरिकन हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि सप्टेंबरमध्ये त्या नौकेवरचा एक खलाशी दगावला. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी सुरू केलेल्या सह्यांच्या मोहिमेत ऑगस्ट १९५५पर्यंत तीन कोटींहून जास्त सह्या जमल्या होत्या. त्याच महिन्यात अण्वस्त्रविरोधी पहिली जागतिक परिषद हिरोशिमात झाली. देश आधीच हेलावलेला होता. मुलांच्या पत्रकाला जमीन तयार मिळाली, हे नोंदवलं नाही तर हे प्रकरण चमत्कार वाटेल आणि तो चमत्कार नव्हता.

जानेवारी १९५६मध्ये शहरातल्या प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांच्या विद्यार्थ्यांचं एक संयुक्त मंडळ स्थापन झालं, ‘शांतता घडवणारी हिरोशिमाची मुलं’ अशा अर्थाच्या नावाचं. निधी, पत्रव्यवहार, बैठका हे सगळं त्याच्याकडे गेलं. पैसा इतका मोठा झाल्यावर ते अटळ होतं. पण त्याचबरोबर ज्यांच्या सलीतून हे सुरू झालं तो छोटा वर्ग मोठ्या चळवळीतला एक गट होऊन राहिला. मला इथे दोन्ही बाजू दिसतात. विस्तार झाला नसता तर पुतळा झाला नसता. आणि विस्तार झाला की शोकाचं रूपांतर कार्यक्रमात होतं, सभेत कोण बोलणार, वर्तमानपत्रात कुणाचा फोटो येणार हे प्रश्न उभे राहतात. ज्या मुलाला आपल्या मैत्रिणीला भेटायला न गेल्याचं वाईट वाटत असतं, त्याला या प्रश्नांशी काय करायचं? बांबू वर्गाने आपलं वेगळं मंडळही राखलं होतं, आणि त्याला नाव दिलं होतं त्या भेट दिलेल्या बाहुलीचं, ‘कोकेशी’. मोठं मंडळ जगासाठी, छोटं आपल्यासाठी. मुलांना हे कुणी शिकवलं नव्हतं. शोकाला चार भिंतींच्या आतली जागा लागते, हे त्यांचं त्यांना कळलं असावं.

पुतळ्याचं अनावरण ५ मे १९५८ला झालं. ५ मे हा जपानचा बालदिन. शिल्पकार काझुओ किकुची. एकूण उंची ९ मीटर. तीन पायांच्या घुमटावर हात उंचावून उभी असलेली मुलगी, हातांवर पेललेला भलामोठा क्रौंच, दोन्ही बाजूंना एक मुलगा आणि एक मुलगी. घुमटाखाली काशाची घंटा, आणि तिला लोलकासारखा टांगलेला सोनेरी क्रौंच. घंटा दिली हिदेकी युकावा यांनी. १९४९ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे ते पहिले जपानी. अणूच्या गाभ्यातली बलं उलगडणाऱ्या शास्त्रज्ञाने अणुबॉम्बने गेलेल्या मुलांसाठी घंटा द्यावी, यातला अर्थ त्या काळच्या हिरोशिमात कुणाला समजावून सांगावा लागला नसेल. तिच्यावर त्यांच्या अक्षरात एका बाजूला ‘हजार क्रौंच’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पृथ्वीवर आणि आकाशात शांतता’ अशा अर्थाचे शब्द आहेत. खालच्या काळ्या दगडावरचं वाक्य माध्यमिक शाळेतल्या विद्यार्थ्याचं आहे : ही आमची हाक आहे, ही आमची प्रार्थना आहे, जगात शांतता घडवण्यासाठी. त्यात सादाकोचं नाव नाही. पुतळ्याचं अधिकृत नावही ‘अणुबॉम्बच्या मुलांचा पुतळा’ असंच आहे.

१९७७ साली इंग्रजीत मुलांसाठी लिहिलेल्या एका लोकप्रिय पुस्तकातून ही गोष्ट अमेरिकेत आणि तिथून जगभर गेली. त्यात सादाको ६४४ पक्षी घडते आणि जाते. उरलेले ३५६ तिचे वर्गमित्र घडतात, आणि सगळे हजार तिच्याबरोबर पुरले जातात. वाचताना डोळ्यांत पाणी येतं. पण हिरोशिमाच्या संग्रहालयाची नोंद आणि तिच्या भावाचं, मासाहिरो सासाकी यांचं, सांगणं सरळ आहे : तिने हजाराचा टप्पा ऑगस्टच्या अखेरीसच ओलांडला होता आणि त्यानंतरही ती घडत राहिली. हजार झाले, इच्छा पुरी झाली नाही, तरी तिने पुढचा कागद घेतला.

फरक आकड्यापुरता नाही. ६४४च्या गोष्टीत वर्गमित्रांची भूमिका सोपी होते : तिचं अपुरं राहिलं ते त्यांनी पुरं केलं, हिशेब मिटला. प्रत्यक्षात तिचं काही अपुरं राहिलंच नव्हतं. अपुरं राहिलं होतं ते त्यांचं. भेटी राहिल्या होत्या. ते पुरं करण्याची वेळ निघून गेली होती, आणि म्हणून त्यांनी दुसरंच काही उभारलं. वर्गात ही गोष्ट सांगणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की खरी हकीकत सांगावी. ज्या मुलाचा मित्र गेला आहे, त्याच्या मनात नेमकी हीच टोचणी असते : मी त्याच्याशी भांडलो होतो, मी त्याला भेटायला गेलो नाही, मी त्याची वही परत केली नाही. तसंच वाटणाऱ्या मुलांनी हा पुतळा उभारला, हे त्याला कळलं पाहिजे.

आज दरवर्षी सुमारे एक कोटी कागदी पक्षी या पुतळ्याकडे येतात, वजन अंदाजे दहा टन. बहुतेक शाळांकडून. पूर्वी ते उघड्यावरच टांगलेले असत. ऑगस्ट २००३मध्ये विद्यापीठात शिकणाऱ्या एका तरुणाने, नोकरी मिळत नाही या वैफल्यात, सुमारे १,४०,००० पक्षी जाळून टाकले. शहर हादरलं. आता हे पक्षी काचेच्या बंदिस्त जागांत ठेवतात आणि जुन्या पक्ष्यांच्या कागदाचा पुनर्वापरही होतो. पण मला महत्त्वाची वाटते ती त्या आगीनंतरची घटना. त्याच्या विद्यापीठातले विद्यार्थी एकत्र आले आणि जळलेल्या पक्ष्यांच्या जागी नवे घडून हिरोशिमाला घेऊन आले. आग त्यांनी लावली नव्हती. सोबत्याच्या वाट्याचं काहीतरी आपल्या अंगावर घ्यायचं, हे बांबू वर्गानेही केलं होतं.

कुटुंबाचं काय, हा प्रश्न अशा प्रकरणांत नेहमी शेवटी विचारला जातो आणि तो पहिल्यांदा विचारायला हवा. मुलगी गेल्यावर आई-वडिलांना काही काळ तिचं स्वतःचं असावंसं वाटतं. इथे ती महिन्याभरात सगळ्या देशाची झाली. त्या आईने आणि वडिलांनी हे कसं सोसलं असेल, याचा अंदाज करताना मी जपून बोलेन. पण शाळेने किंवा वर्गाने एखाद्या मुलाचं नाव घेऊन काही सुरू करण्याआधी त्याच्या घरी जाऊन विचारावं, आणि दर वर्षी पुन्हा विचारावं, एवढं मला यातून नक्की वाटतं. पहिल्या वर्षी ‘हो’ म्हणणाऱ्या आईला पाचव्या वर्षी त्या बक्षीस समारंभाला यावंसं वाटेलच असं नाही.

सासाकी कुटुंबाने पुढे आपली स्वतःची वाट शोधली. सादाकोच्या हातचे थोडे पक्षी घरी उरले होते. मासाहिरो सासाकी ते एकेक करून देऊ लागले : न्यूयॉर्कमधल्या ११ सप्टेंबरच्या स्मृतिकेंद्राला, पर्ल हार्बरच्या स्मारकाला. बॉम्ब टाकण्याचा आदेश ज्यांच्या कारकिर्दीत निघाला त्या राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचे नातू क्लिफ्टन ट्रुमन डॅनियल यांच्याशी त्यांची ओळख झाली, ती मात्र एका शाळेमुळे. डॅनियल यांच्या मुलाने अमेरिकेतल्या त्याच्या शाळेतून सादाकोचं पुस्तक घरी आणलं होतं. तेच ६४४चं पुस्तक. वडिलांनी ते वाचलं, त्याबद्दल बोलले, आणि ते जपानपर्यंत पोचलं. २०१०मध्ये न्यूयॉर्कला सासाकी कुटुंबाने सादाकोचा एक छोटासा पक्षी डॅनियल यांच्या तळहातावर ठेवला आणि हिरोशिमाला या म्हणाले. २०१२च्या ६ ऑगस्टला ते हिरोशिमात होते. २०१५ साली तिचा एक पक्षी मिसुरी राज्यातल्या ट्रुमन ग्रंथालयात ठेवला गेला. ज्या पुस्तकाच्या आकड्यावर मी वर आक्षेप घेतला, त्याच्याशिवाय हे घडलं नसतं, आणि तरीही तो आक्षेप मला मागे घ्यावासा वाटत नाही.